हरलेला उमेदवार आणि टिकलेला छापखाना

वृत्तपत्र चालविणारा गृहस्थ राजकारणात शिरला, तर त्याचे फारसे कोणाला नवल वाटत नाही. रोज लोकांपुढे काही ना काही मांडण्याची त्याला सवय असते. गावातील गरजा, हेवेदावे आणि आकांक्षा त्याला ठाऊक असतात. निवडणुकीच्या दिवसांत इतरांना जी गोष्ट पैसे मोजून मिळवावी लागते ती, म्हणजे प्रसिद्धी, त्याच्या घरचीच असते. परंतु या गृहस्थाच्या पश्चात त्याच्या वृत्तपत्राचे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अधिकारपद वारशाने देता येत नाही. छापखाना देता येतो. पद सुटल्यावर, किंबहुना तो गृहस्थ निवर्तल्यावरही, वृत्तपत्र उरते. ते पुत्रपौत्रांच्या हाती जाते आणि ज्या वाचकांचा त्यावर विश्वास जडलेला असतो, त्यांना न विचारता नवा धनी मिळतो. हा धनी कोण, त्याचे हितसंबंध कशात गुंतलेले आहेत, हे वाचकाने कसे ओळखावे? या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेतील एक उदाहरण फार उपयोगी पडण्यासारखे आहे.

२ नोव्हेंबर १९२० या दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्या रात्री पिट्सबर्ग येथील ‘केडीकेए’ या नभोवाणी केंद्राने निवडणुकीचे निकाल प्रक्षेपित केले. ऐकणारे फारच थोडे होते, तरीही नभोवाणीच्या इतिहासात ती रात्र प्रसिद्ध आहे. निकालात विजयी म्हणून ज्यांचे नाव घोषित झाले ते रिपब्लिकन पक्षाचे वॉरन हार्डिंग, आणि पराभूत झाले ते डेमॉक्रॅटिक पक्षाचे जेम्स कॉक्स. दोघेही ओहायो राज्यातील, आणि दोघेही वृत्तपत्रांचे मालक. देशाच्या सर्वोच्च पदासाठी दोन्ही प्रमुख पक्षांनी एकाच राज्यातील दोन पत्रकार उभे करावेत, हा योग दुर्मिळच म्हटला पाहिजे.

त्यांपैकी हार्डिंग यांची कथा आधी थोडक्यात सांगतो. मॅरियन या लहान गावातील ‘स्टार’ नावाचे मोडकळीस आलेले पत्र त्यांनी १८८४ मध्ये दोघा भागीदारांसह अवघ्या ३०० डॉलर्सना विकत घेतले. भागीदार लवकरच बाजूला झाले. १८९१ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी पत्राच्या विक्रीचा कारभार हाती घेतला आणि अंक घरोघर टाकणाऱ्या मुलांना शिस्त लावली. त्या मुलांपैकी नॉर्मन टॉमस हा पुढे समाजवादी पक्षातर्फे सहा वेळा अध्यक्षपदासाठी उभा राहिला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पत्र नीट चालू लागले, त्याच्या बळावर हार्डिंग राज्याच्या सिनेटमध्ये, नंतर देशाच्या सिनेटमध्ये आणि शेवटी अध्यक्षपदी पोहोचले.

अध्यक्ष असतानाच, १९२३ मध्ये, त्यांनी ‘स्टार’ विकले. खरेदीदार होते लुई ब्रश आणि रॉय मूर, आणि किंमत सुमारे साडेपाच लाख डॉलर्स. व्यवहारास फार दिवस झाले नाहीत तोच २ ऑगस्ट १९२३ रोजी हार्डिंग यांचे निधन झाले. पुढल्या वर्षी फ्रँक व्हँडरलिप या प्रसिद्ध बँकरने, एका गावातील पत्रास एवढी किंमत कशी आली, असा संशय जाहीरपणे व्यक्त केला. खरेदीदारांनी त्याच्यावर बदनामीचा दावा लावला आणि अखेर तो तडजोडीने मिटला. संशयाला आधार मिळाला नाही. परंतु संशय उत्पन्न झाला, हीच गोष्ट महत्त्वाची आहे. सत्ताधीशाच्या मालकीचे वृत्तपत्र विकले जाते तेव्हा किंमत छापखान्याची, खपाची, की सत्तेच्या सान्निध्याची, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. व्यवहार कितीही चोख असला तरी त्यावर सावली पडतेच. अशा रीतीने जो निवडणूक जिंकला, त्याच्या घराण्यात वृत्तपत्र उरले नाही.

आता हरलेल्या उमेदवाराकडे वळू. जेम्स कॉक्स यांचा जन्म ३१ मार्च १८७० रोजी ओहायोतील जॅक्सनबर्ग या खेड्याजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांनी काही काळ शाळामास्तरकी केली. मेव्हण्याच्या साप्ताहिकात ते पत्रकारितेचे प्राथमिक धडे शिकले, नंतर सिनसिनाटी येथील ‘एन्क्वायरर’ या दैनिकात बातमीदार झाले. तेथून ते पॉल सॉर्ग या धनाढ्य लोकप्रतिनिधीचे चिटणीस म्हणून वॉशिंग्टनला गेले. राजकारण कसे चालते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. परत येऊन १८९८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी डेटन शहरातील एक डबघाईस आलेले सायंदैनिक २६,००० डॉलर्सना विकत घेतले. सॉर्ग यांनी त्यांना पैशाचे साहाय्य केले होते. या पत्रास कॉक्स यांनी ‘डेटन डेली न्यूज’ असे नाव दिले. १९०५ मध्ये शेजारच्या स्प्रिंगफील्ड गावातील पत्रही त्यांनी घेतले.

त्या काळातील अमेरिकन वृत्तपत्रांचे अर्थकारण येथे समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तेथील बहुतेक पत्रे कोणत्या ना कोणत्या पक्षाची असत. कित्येकांच्या नावातच ‘डेमॉक्रॅट’ किंवा ‘रिपब्लिकन’ हे शब्द असत. पक्ष सत्तेवर आला की सरकारी छपाईचे काम आणि कायदेशीर सूचनांच्या जाहिराती त्या पक्षाच्या पत्राला मिळत. पक्ष हरला की पत्राची आबाळ होई. शतकाच्या अखेरीस मात्र चित्र पालटू लागले. शहरे वाढली, मोठमोठी दुकाने निघाली, आणि त्या दुकानदारांना रोज हजारो घरांत आपल्या मालाची वार्ता पोहोचवायची होती. ज्या पत्राचा खप मोठा त्याला जाहिरात मोठी, हा नवा हिशेब होता. कॉक्स यांना तो उमगला. त्यांचे पत्र डेमॉक्रॅटिक पक्षाचे होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. परंतु त्यांनी ते चालविले वाचकांच्या आणि जाहिरातदारांच्या बळावर. त्यांचा पुढला सारा उत्कर्ष या एका भेदावर उभा आहे.

म्हणून त्यांच्या पत्राला सर्व काही दिसत होते, असे मात्र नाही. विमानाचे जनक राइट बंधू हे डेटनचेच रहिवासी. १९०४ आणि १९०५ साली ते शहराजवळील एका कुरणावर वारंवार उड्डाणे करीत होते. तरी डेटनमधील वृत्तपत्रांनी, त्यात कॉक्स यांचे पत्रही आले, त्याची म्हणावी तशी दखल घेतली नाही. माणूस आकाशात उडतो आहे, यावर संपादकांचा विश्वासच बसला नाही!

१९०९ ते १९१३ या काळात कॉक्स प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. त्याच सुमारास, ऑगस्ट १९१२ मध्ये, अमेरिकेत एक लहानसा पण दूरगामी कायदा झाला. टपालाच्या सवलतीचा लाभ घेणाऱ्या वृत्तपत्रांनी आपले मालक आणि संपादक कोण, हे ठराविक मुदतीने छापावे, आणि पैसे घेऊन छापलेला मजकूर ‘जाहिरात’ म्हणून स्पष्ट दाखवावा, असे त्या कायद्याने ठरविले. वृत्तपत्रमालकांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९१३ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरविला. या कायद्याकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

१९१३ च्या आरंभी कॉक्स ओहायोचे गव्हर्नर झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये मियामी नदीला भयंकर पूर येऊन त्यांचे डेटन शहर पाण्याखाली गेले. त्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. मदतकार्याची धुरा गव्हर्नर या नात्याने त्यांच्यावर आली. पुढल्या वर्षी पूरनियंत्रणाचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे त्या खोऱ्यात बंधारे उभे राहिले. कामगारांना अपघाताची सक्तीने भरपाई, शाळांची पुनर्रचना, तुरुंगांची सुधारणा ही त्यांची इतर कामे. १९१४ मध्ये ते पराभूत झाले. १९१६ आणि १९१८ मध्ये पुन्हा निवडून आले.

परंतु त्यांच्या कारकिर्दीला एक डागही आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांविरुद्ध द्वेषाची जी लाट उसळली होती, तिला शरण जाऊन १९१९ मध्ये ओहायोने आठव्या इयत्तेच्या खालील मुलांना जर्मन भाषा शिकविण्यास बंदी केली. सरकारी शाळांप्रमाणेच खासगी आणि धर्मसंस्थांच्या शाळांनाही ती लागू होती. या कायद्याचा कॉक्स यांनी पुरस्कार केला. ओहायोमध्ये जर्मन वंशाचे लाखो नागरिक पिढ्यान्पिढ्या राहत होते. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरविले. दुसऱ्या भाषेच्या राज्यात आपली भाषा जतन करणाऱ्या मराठी माणसाला या प्रसंगाचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. जो गृहस्थ वृत्तपत्राचा मालक म्हणून लोकमताला वळण लावू शकत होता, तोच गव्हर्नर म्हणून लोकक्षोभाच्या मागे गेला. लेखणी आणि सत्ता एका हाती आल्या की त्या एकमेकींवर अंकुश ठेवीत नाहीत, असा याचा बोध आहे.

१९२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील अधिवेशनात चव्वेचाळिसाव्या फेरीअखेर कॉक्स यांना पक्षाची उमेदवारी मिळाली. उपाध्यक्षपदासाठी त्यांच्या जोडीला होते फ्रँकलिन रूझवेल्ट. हार्डिंग यांनी बहुतांशी आपल्या घराच्या ओसरीवरूनच भाषणे केली. कॉक्स यांनी देशभर हजारो मैलांचा प्रवास करून राष्ट्रसंघाच्या बाजूने प्रचार केला. युद्धाला कंटाळलेल्या जनतेला तो रुचला नाही. हार्डिंग यांना सुमारे ६० टक्के मते मिळाली, कॉक्स यांना ३४. निर्वाचकांची मते ४०४ विरुद्ध १२७. स्वतःचे ओहायो राज्यही कॉक्स यांना राखता आले नाही.

एवढ्या दारुण पराभवानंतर पुष्कळ माणसे कडवट होतात. कॉक्स यांनी निवडणुकीचा मार्ग कायमचा सोडला आणि ते आपल्या मूळ व्यवसायाकडे परतले. १९२३ मध्ये त्यांनी फ्लॉरिडातील मायामी शहराचे एक दैनिक घेतले, तसेच ओहायोतील कँटन शहराचेही घेतले. कँटनच्या पत्राचे चालक डॉन मेलेट यांनी गुन्हेगार आणि पोलीस यांच्या संगनमताविरुद्ध मोहीम उघडली. १६ जुलै १९२६ रोजी त्यांचा गोळी घालून खून झाला. १९२७ मध्ये त्या पत्रास लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तथापि १९३० मध्ये कॉक्स यांनी ते विकून टाकले, आणि घेणारी कंपनी कोणाची, तर हार्डिंग यांचे ‘स्टार’ ज्यांनी घेतले होते त्याच ब्रश आणि मूर यांची! धन्यांच्या वहीत पारितोषिकाची किंमत वेगळ्या रीतीने लिहिलेली असते, हे यावरून दिसते.

ज्या नभोवाणीने त्यांच्या पराभवाची वार्ता दिली होती, तिच्याकडेही कॉक्स वळले. १९३५ मध्ये डेटन येथे त्यांचे ‘डब्ल्यूएचआयओ’ केंद्र सुरू झाले. १९३९ मध्ये त्यांनी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराचे ‘जर्नल’ हे दैनिक त्याच्या नभोवाणी केंद्रासह घेतले. त्याच वेळी हर्स्ट यांच्याकडून ‘जॉर्जियन’ हे प्रतिस्पर्धी पत्र विकत घेऊन ते बंद केले. १९५० मध्ये अटलांटाचे दुसरे मोठे पत्र ‘कॉन्स्टिट्यूशन’ हेही त्यांच्याच छत्राखाली आले. त्या पत्रातून राल्फ मॅकगिल वर्णद्वेषाविरुद्ध निर्भीडपणे लिहीत, आणि १९५९ मध्ये त्यांना अग्रलेखनाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हे जमेच्या बाजूला लिहावे. परंतु एका शहराची दोन्ही प्रमुख दैनिके एकाच मालकाची झाली, हेही विसरू नये. १५ जुलै १९५७ रोजी डेटनजवळील आपल्या निवासस्थानी कॉक्स यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे पुत्र जेम्स आणि ॲन व बार्बरा या दोन कन्या होत्या. पुत्राने कारभार हाती घेतला आणि १९६२ मध्ये तारेवाटे दूरचित्रवाणी पुरविण्याच्या, म्हणजे आज आपण ज्याला केबल म्हणतो त्या धंद्यात पाऊल टाकले. १९६८ मध्ये कंपनीने जुन्या मोटारगाड्यांचे लिलाव करणारी संस्था घेतली. १९७४ मध्ये पुत्र वारल्यावर मालकी दोघी बहिणींकडे आली. ॲन कॉक्स चेंबर्स या १९७७ ते १९८१ या काळात बेल्जियममध्ये अमेरिकेच्या राजदूत होत्या. २०२० मध्ये शंभरी गाठून त्या वारल्या. बार्बरा यांचे पुत्र जेम्स कॉक्स केनेडी यांनी बराच काळ कंपनीची धुरा वाहिली आणि २०१८ मध्ये संस्थापकाचे पणतू ॲलेक्स टेलर प्रमुख झाले. चौथी पिढी आली.

परंतु या चार पिढ्यांत धंद्याचे स्वरूप पार बदलून गेले. केबलच्या तारा आणि मोटारींचे व्यवहार यांच्यापुढे वृत्तपत्राचे उत्पन्न किरकोळ ठरले. २०१९ मध्ये दूरचित्रवाणी व नभोवाणी केंद्रांचा बहुसंख्य वाटा एका गुंतवणूक संस्थेला विकण्यात आला, आणि त्या व्यवहारात ‘डेटन डेली न्यूज’, म्हणजे ज्या पत्रावर सारे साम्राज्य उभे राहिले ते मूळ पत्रही गेले. अटलांटाचे पत्र कुटुंबाने राखले. मात्र २०२५ मध्ये त्याने वर्षअखेरीस छापील अंक बंद करून केवळ संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर निघण्याचा निर्णय जाहीर केला. अशा रीतीने वारसा टिकला, पण त्यातील वृत्तपत्राचा अंश आटत गेला.

आपल्या मराठी मुलखातही या प्रश्नाचे निरनिराळे रूप दिसते. ज्या वर्षी कॉक्स हरले त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्य टिळक निवर्तले. बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतलेल्या पुण्यातील वाड्यात ‘केसरी’ नांदत होता. टिळकांच्या पश्चात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे विश्वस्तांच्या हाती राहिली आणि संपादकत्व नरसिंह चिंतामण केळकर यांच्याकडे आले. विश्वस्त नेमल्याने सारे सुरळीत झाले असे नाही. टिळकांचे पुत्र आणि विश्वस्त यांच्यात तीव्र वाद उद्भवला. पुढे नातू जयंतराव टिळक संपादक झाले, आणि राजकारणातही मोठ्या पदांवर गेले. बेळगावात बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ काढला. सीमाभागातील मराठी जनतेची चळवळ आणि हे पत्र यांचे नाते पुढल्या पिढीतही चालू राहिले. विदर्भात जवाहरलाल दर्डा यांनी १९७१ मध्ये नागपुरातून ‘लोकमत’ दैनिक सुरू केले. ते राज्याचे मंत्री होते. त्यांचे एक पुत्र विजय दर्डा १९९८ ते २०१६ राज्यसभेत होते, तर दुसरे राजेंद्र दर्डा राज्याचे शिक्षणमंत्री झाले. म्हणजे छापखाना आणि विधिमंडळ यांच्यातील ही ये-जा अमेरिकेपुरती मर्यादित नाही.

ही ये-जा मुळातच निंद्य आहे, असे कोणी म्हणू नये. टिळकांनी राजकारण सोडून ‘केसरी’ काढावा असे कोण म्हणेल? पत्राच्या मालकाला मते असणे हा दोष नव्हे. ती मते आणि तो मालक वाचकाला उघड दिसत असतील, तर वाचक आपला हिशेब आपण करू शकतो. डेटनच्या वाचकाला कॉक्स कोणत्या पक्षाचे, हे पुरते ठाऊक होते. अडचण उत्पन्न होते ती पुढे, वारसांच्या काळात. संस्थापक गावातला असतो, त्याची सभा ऐकलेली असते, त्याला मत दिलेले किंवा नाकारलेले असते. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा मालक दूरच्या शहरात असतो, त्याचे पैसे दहा निरनिराळ्या धंद्यांत गुंतलेले असतात, आणि त्याला पाडण्याची संधी मतपेटीतून कधी येत नाही.

यासाठीच १९१२ च्या त्या अमेरिकन कायद्याचे मोल मोठे आहे. आपल्या देशातही १८६७ च्या कायद्यापासून प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापण्याची रीत आहे. १९५६ च्या नियमांनी तर दरवर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे निवेदन छापण्याचे बंधन घातले. एक टक्क्याहून अधिक भांडवल ज्यांचे, त्यांची नावे त्यात द्यावी लागत. १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या कायद्याने घेतली आणि १ मार्च २०२४ पासून तो अमलात आला. परंतु बारीक अक्षरांतील ती चौकट वर्षानुवर्षे छापली जात असताना किती वाचकांनी वाचली असेल? अग्रलेख आपण वाचतो, बातमीवर वाद घालतो, आणि ती छापणाऱ्याचे नाव न पाहताच अंक रद्दीत टाकतो. आज घरी येणाऱ्या अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ असेल. ती एकदा सावकाश वाचावी. तेथील नाव कोणाचे, त्यांचे इतर व्यवसाय कोणते, आणि त्या व्यवसायांविषयीची बातमी आपल्या पत्रात कशी येते, किंवा येत नाही, याकडे वर्षभर लक्ष ठेवावे. वाचकाला मालक निवडता येत नाही हे खरे. पण त्याला ओळखून वाचण्याचा अधिकार मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नाही.